काळ्या मातीवर गॅरेज आणि वर्कशॉपची पक्की फरशी : पाया, मुरूम, काँक्रीट आणि पाण्याचा हिशोब

यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेड, आर्णी, वणी, पांढरकवडा. यांपैकी कुठल्याही गावाच्या बाहेरच्या रस्त्याने निघा. टू-व्हीलरचं गॅरेज, वेल्डिंगचं दुकान, ट्रकचं बॉडी वर्क, टायरवाला, फर्निचरचा कारखाना अशी ओळच दिसते. नागपूर-तुळजापूर महामार्ग आणि पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग, या दोन रस्त्यांवर आपल्या समाजातल्या किती घरांची चूल पेटते हे वेगळं सांगायला नको. हुनर हातात असतो, गिऱ्हाईक येतं, पैसे जमतात आणि मग स्वतःच्या जागेवर शेड टाकायची वेळ येते.

शेडचा पत्रा, अँगल, शटर यांची चौकशी आपण दहा ठिकाणी करतो. फरशीबाबत मात्र "मिस्त्री पाहून घेईल" म्हणून सोडून देतो. दोन पावसाळ्यांत ती फरशी मधोमध फुगते, कडा खचतात, भेगेत बोट जाईल इतकं अंतर पडतं. दोष सिमेंटला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा सिमेंटच्या खाली असतं. आपल्या जिल्ह्यात फरशीचं आयुष्य तिच्याखालची माती आणि त्या मातीत शिरणारं पाणी ठरवतं. म्हणून हा लेख खालून वर जातो : आधी माती, मग मुरूम, मग काँक्रीट.

हा प्रश्न फक्त पैशाचा नाही. भेगाळलेल्या, उतरत्या फरशीवर जॅक लावलेला असतो आणि गाडीखाली एखादा पोरगा झोपून काम करत असतो. जॅकचा पाया सरकला तर काय होईल, हे प्रत्येक उस्तादाला माहीत आहे.

काळी माती असं का वागते?

यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग बेसाल्ट म्हणजे काळ्या खडकावर आहे. हा खडक झिजून, कुजून काळी कापसाची माती तयार होते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे अतिशय पातळ थर एकावर एक असतात आणि थरांच्या मध्ये पाणी शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरतात. त्यामुळे पावसाळ्यात माती फुगते. उन्हाळ्यात पाणी उडतं आणि ती आकसते. मे महिन्यात शेतात पडलेल्या भेगा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तीच हालचाल तुमच्या फरशीखालीही चालू असते.

यात एक गंमत आहे. मोकळ्या जागेत माती सगळीकडे सारखीच ओली-कोरडी होते. तिच्यावर फरशी टाकली की मधल्या भागातलं पाणी वर उडून जाऊ शकत नाही, ते हळूहळू साठत जातं. म्हणून मधोमध माती फुगलेली राहते. कडेची माती मात्र उन्हाळ्यात सुकते आणि खाली बसते. फरशी कासवाच्या पाठीसारखी होऊन मोडते ती यामुळे. वरचं काँक्रीट कितीही भारी असलं तरी पाच इंचांची लादी या ताकदीपुढे टिकत नाही.

सगळीकडे माती सारखी खोल नाही. यवतमाळ शहराच्या चढ-उताराच्या भागात किंवा टेकडीच्या उतारावर फूट-दोन फुटांवर मुरूम लागतो. पैनगंगा, वर्धा, अडाण, अरुणावती, पूस या नद्यांच्या काठच्या सपाट जमिनीत काळी माती बरीच खोल जाते. वणीकडे तर कोळसा आणि चुनखडीचा पट्टा आहे, तिथली जमीन पुन्हा वेगळी. म्हणून शेजारच्या गावात जे चाललं ते आपल्या प्लॉटवर चालेलच असं नाही. आधी खड्डा खणून पाहा. प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत पाच-सहा फुटांचे खड्डे घेतले तर माती किती आणि मुरूम कुठे हे एका दिवसात कळतं.

माती किती फुगते ते कसं पाहायचं?

प्रयोगशाळेत यासाठी सोपी चाचणी आहे. भारतीय मानक २७२० च्या ४० व्या भागात ती दिलेली आहे. सुकवून, बारीक चाळलेली १० ग्रॅम माती दोन मापपात्रांत घ्यायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल ओतायचं आणि २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातली उंची रॉकेलमधल्या उंचीपेक्षा जितके टक्के जास्त, तितका मातीचा फुगवटा. ५० टक्क्यांच्या आत असेल तर धोका कमी. ५० ते १०० मध्यम. १०० च्या वर गेला, म्हणजे पाण्यातली माती दुप्पट झाली, तर ती जमीन गंभीरपणे घ्यायची.

अंदाज घेण्यासाठी घरीही हा प्रयोग करता येतो. सरळ उभ्या काचेचे दोन सारखे ग्लास, मैद्याच्या चाळणीने चाळलेली कोरडी माती, दोन्हीत सारखे चमचे. रॉकेलचा ग्लास लेकरांपासून आणि आगीपासून दूर ठेवा. शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर मोजमाप त्यांच्याकडून करून घ्या, विज्ञानाचा धडा आपोआप होतो. मात्र घरचा प्रयोग हा अंदाजच. ट्रकचं गॅरेज किंवा हॉइस्ट बसवायचा असेल तर माती प्रयोगशाळेतच द्या आणि स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्या.

खालचं भरण : सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या

काळी माती दोन-तीन फूट खोल असेल तर ती पूर्ण काढून टाकणं सगळ्यात चांगलं. त्याहून खोल असेल तर निदान दोन ते तीन फूट काढा आणि तिथे मुरूम भरा. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर बरंच संशोधन केलं. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण थोडा चिकटपणा असलेल्या मातीचा जाड थर दाबून बसवला तर खालचा फुगवटा वर येत नाही, असं त्यांनी दाखवलं. साधारण मीटरभर जाडीचा थर चांगलं काम करतो. आपल्याकडचा चांगला, किंचित मातकट मुरूम या कामाला योग्य असतो.

इथे एक मोठी गफलत होते. काही जण काळी माती काढून खड्ड्यात नुसती रेती किंवा गिट्टी भरतात. वाटतं, काम मजबूत झालं. पण काळ्या मातीतून पाणी खाली जात नाही, त्यामुळे तो खड्डा हौदासारखा भरतो आणि ते पाणी खालच्या व बाजूच्या मातीला वर्षभर पाजत राहतं. डबराचं सोलिंग थेट काळ्या मातीवर टाकलं तर पावसाळ्यात दगड मातीत रुततात. म्हणून भरण दाबलेल्या मुरमाचंच हवं.

भरण करताना या गोष्टी पाळा :

- खोदकाम फरशीच्या मापापेक्षा चारही बाजूंनी दोन फूट जास्त घ्या. कडाच आधी खचतात.
- मुरूम एकदम ओतू नका. सहा-सहा इंचांचा थर पसरायचा, पाणी शिंपडायचं, मग रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा. छोट्या कामाला धुमसही चालते, पण मग थर चार इंचांचाच ठेवा.
- मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि हातातून पाणी गळू नये, इतकाच ओलावा हवा.
- मोठे दगड, प्लास्टिक, झाडाची मुळं, जुन्या घराचा मलबा भरणात नको.
- शेवटचा थर रस्त्यापेक्षा इतका उंच ठेवा की तयार फरशी रस्त्याच्या वर किमान एक फूट राहील. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत यवतमाळ आणि महागाव भागात पाणी किती झपाट्याने चढलं, ते आठवा.

मुरूम लांब असेल तर काळ्या मातीतच चुना मिसळून ती सुधारता येते. वजनाच्या साधारण चार ते सहा टक्के चुना लागतो. वणीजवळचं राजूर चुनाभट्ट्यांसाठी ओळखलं जातं, त्यामुळे त्या भागात हा मार्ग विचार करण्यासारखा आहे. पण चुना किती आणि कसा, हे माती तपासूनच ठरवा.

शेडचे खांब आणि फरशी वेगवेगळी ठेवा

शेडचं वजन खांबांवर, गाडीचं वजन फरशीवर. दोघांचे पाय वेगळे असले पाहिजेत. खांबांचे फुटिंग काळी माती ओलांडून पक्क्या मुरमात न्या. माती फारच खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल हा उपाय आहे. जमिनीत साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल भोक पाडून तळाशी दांड्याच्या अडीचपट रुंद फुगा तयार करतात आणि त्यात काँक्रीट भरतात. वरची माती हलली तरी खालच्या फुग्यामुळे खांब जागचा हलत नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत भारतात विकसित केली.

फरशी ओतताना प्रत्येक खांबाभोवती आणि भिंतीलगत अर्धा इंच थर्माकोलची पट्टी ठेवा. म्हणजे फरशी थोडी वर-खाली झाली तरी खांब किंवा भिंत तिच्यासोबत ओढली जात नाही.

काँक्रीट : १२ बाय २० फुटांचा हिशोब

एका चारचाकी गाडीचं गॅरेज साधारण १२ बाय २० फूट, म्हणजे २४० चौरस फूट. थर असे : दाबलेला मुरूम, त्यावर तीन इंच १:४:८ चा कोबा, त्यावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, आणि वर पाच इंच एम-२० काँक्रीट. फक्त मोटरसायकली असतील तर चार इंच चालतात. ट्रक, ट्रॅक्टर येणार असतील तर सहा इंच किंवा जास्त, आणि एम-२५. दोन खांबांचा हॉइस्ट बसवणार असाल तर कंपनीच्या कागदावर लागणारी जाडी लिहिलेली असते, ती आधी वाचा आणि खांबाच्या जागी फरशी तेवढी जाड करा.

पाच इंचांची २४० चौरस फूट फरशी म्हणजे १०० घनफूट, बरोबर एक ब्रास काँक्रीट. एम-२० साठी १:१.५:३ हे प्रमाण धरलं तर साहित्य अंदाजे असं लागतं :

- सिमेंट : २३ बॅग
- रेती : ४२ घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासपेक्षा थोडी कमी
- २० मिमी गिट्टी : ८४ घनफूट
- खालच्या कोब्यासाठी वेगळं सिमेंट : ६ बॅग
- ८ मिमी सळई, दोन्ही बाजूंनी आठ-आठ इंचांवर : ९० ते १०० किलो
- मुरूम, दोन फूट भरणासाठी : दाबल्यावर पावणेआठ ब्रास, म्हणजे सैल साडेनऊ ते दहा ब्रास

सिमेंट आपल्या दारातच तयार होतं. झरी-जामणी तालुक्यात मुकुटबनला मोठा कारखाना आहे, शेजारी चंद्रपूर जिल्ह्यात आणखी आहेत. बाजारात मिळणारी बहुतेक बॅग पीपीसीची असते, म्हणजे त्यात वीजकेंद्राची राख मिसळलेली असते. फरशीसाठी ती चांगलीच आहे, फक्त ती सावकाश ताकद धरते आणि तिला पाणी जास्त दिवस मारावं लागतं. बॅगवरचा आठवडा आणि वर्ष पाहा. तीन महिन्यांपेक्षा जुनी बॅग घेऊ नका. रेती मातकट असेल तर बाटलीत पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. वर गाळाचा जाड थर बसला तर ती परत करा. रेती घ्या किंवा कृत्रिम वाळू, रॉयल्टीची पावती मागायला लाजू नका.

पाणी : एक बादली जास्त आणि फरशी कच्ची

माल पातळ असला की पसरायला सोपा जातो, म्हणून मजूर पाणी वाढवतात. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. त्याच फरशीवर वर्षभराने झाडू मारला की पांढरी धूळ निघते. आयएस ४५६ या मानकात एम-२० च्या ठरलेल्या मिश्रणाला ५० किलोच्या बॅगमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितलं आहे. रेती ओली असेल तर तिच्यातलं पाणीही यात धरायचं. मिक्सरजवळ लिटरची खूण असलेली बादली ठेवा आणि घरातला एक जबाबदार माणूस तिथेच उभा करा. दिवसभराचं तेवढं काम खूप मोलाचं आहे.

मोजण्यासाठी घमेलं नको, फर्मा वापरा. ३५ लिटरचा एक फर्मा म्हणजे एक बॅग सिमेंट. त्यामागे दीड फर्मा रेती आणि तीन फर्मे गिट्टी. ओली रेती फुगून जास्त जागा घेते, म्हणून ती मोजताना थोडी वाढवून घ्या.

ओतण्याचा दिवस

हंगाम शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा घ्या. तेव्हा माती ना चिखल असते ना दगड. मे महिन्यात ठणठणीत कोरड्या मातीवर फरशी टाकली की पहिल्याच पावसात माती सगळा जोर दाखवते. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत संपवा.

काम मध्येच थांबता कामा नये. आधीचा माल कडक झाला आणि मग दुसरा जोडला तर तिथे कायमचा सांधा पडतो. म्हणून शक्यतो शुक्रवार टाळा, जुमाच्या नमाजला मिस्त्री आणि मजूर दोघेही जाणार. रमजानमध्ये भर उन्हात रोजेदार मजुरांकडून हे काम करून घेणंही बरं नाही. आठ-पंधरा दिवस थांबल्याने काही बिघडत नाही.

सळईची जाळी हा आणखी एक दुर्लक्षित भाग. बऱ्याच ठिकाणी जाळी प्लास्टिकवर पडून राहते आणि वर काँक्रीट ओतलं जातं. तळाशी पडलेली जाळी वरच्या भेगांना आवरत नाही. ती वरच्या बाजूला, पृष्ठभागापासून दीड-दोन इंच खाली हवी. त्यासाठी उंच कव्हर ब्लॉक किंवा सळईच्या खुर्च्या लावा आणि मजुरांना पाय ठेवायला फळ्या टाका. हेही लक्षात ठेवा की जाळी भेगेला घट्ट धरून ठेवते, मातीचा फुगवटा थांबवत नाही. भरण कच्चं असेल तर दुप्पट लोखंड टाकूनही उपयोग होत नाही.

माल व्हायब्रेटरने बसवा आणि सरळ पट्टीने ओढा. शटरच्या दिशेने शंभर इंचांना एक इंच उतार द्या. वर आलेलं पाणी जिरायच्या आत घोटाई करू नका आणि वरून कोरडं सिमेंट भुरभुरू नका. तो थर पापडासारखा सुटतो.

सांधे आणि पाणी मारणं

काँक्रीट सुकताना आकसतं, त्यामुळे भेग पडणारच. ती कुठे पडावी हे आपण ठरवायचं. पाच इंच जाडीला दहा-बारा फुटांवर सांधा हवा. आपली १२ बाय २० ची फरशी मधोमध कापून १२ बाय १० चे दोन भाग करा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, काँक्रीट कापताना कडा तुटणार नाहीत इतकं कडक झालं की, कटरने सव्वा इंच खोल रेघ मारा. या रेघेखाली जाळीची एकाआड एक सळई आधीच तोडलेली असावी. महिन्याभराने रेघेत सीलंट किंवा डांबर भरा, म्हणजे तेल-पाणी आत जाणार नाही.

आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, आणि राखमिश्रित सिमेंटला किंवा कोरड्या गरम हवेत किमान १० दिवस ओल टिकवायला हवी. आपल्या हवेत १४ दिवस धरा. चारही कडांना मातीचे बांध घालून पाणी उभं ठेवणं किंवा ओलं गोणपाट अंथरणं चांगलं. सकाळ-संध्याकाळ नुसता पाइप फिरवला तर दुपारी फरशी कोरडीच पडते. दोन आठवडे गाडी नको. जॅकचं जड काम, हॉइस्टचे बोल्ट आणि ट्रक २८ दिवसांनंतरच.

फरशी झाल्यावर

- शेडच्या चारही बाजूंना तीन फूट रुंद, बाहेर उतरता कोबा करा आणि पुढे नाली काढा. पत्र्याचं पाणी पन्हाळीने दूर न्या.
- गाडी धुण्याची जागा, पाण्याचा नळ आणि संडासाचा शोषखड्डा फरशीच्या कडेला नको. एका गळक्या पाइपाने पूर्ण कोपरा फुगतो.
- मोठी झाडं मातीतलं पाणी ओढून ती आकसवतात, त्यांना शेडपासून दूर लावा.
- बॅटरीचं ॲसिड काँक्रीट खातं. चार्जिंगची जागा वेगळी ठेवा आणि खाली प्लास्टिकचा ट्रे ठेवा.
- गॅस कटिंग थेट फरशीवर करू नका. तापलेलं काँक्रीट फुटून तुकडे उडतात. खाली लोखंडी प्लेट आणि रेती घ्या.

फरशीला आधीच भेगा असतील तर लगेच प्लास्टर करू नका. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करा, अंतर मोजा, तारीख लिहा. मे आणि सप्टेंबरच्या मापात फरक आला तर माती हलते आहे. मग आधी पाण्याचा बंदोबस्त, त्यानंतरच दुरुस्ती. दरम्यान भेगेजवळ जॅक लावू नका.

ठेकेदाराशी बोलताना

"चौरस फुटाला किती?" एवढंच विचारलं तर स्वस्त भाव देणारा खालच्या भरणातच बचत करतो, कारण ते नंतर दिसत नाही. कोटेशनमध्ये खोदकामाची खोली, मुरमाचे थर, कोबा, प्लास्टिक, काँक्रीटची जाडी, लोखंडाचे किलो, सांधे आणि पाणी मारण्याचे दिवस वेगवेगळे लिहून घ्या. प्रत्येक थर झाकण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, बाजूला मापाची टेप ठेवून. पैशाचे हप्तेही त्याच टप्प्यांवर द्या.

कर्ज घेणाऱ्यांनी जिल्हा उद्योग केंद्रात प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करावी. नव्या उद्योगांसाठीच्या या योजनेत अल्पसंख्याक अर्जदार विशेष गटात येतात. त्यांना स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात आणि अनुदान शहरात २५ व ग्रामीण भागात ३५ टक्के मिळतं. प्रकल्प खर्चात जमिनीची किंमत धरली जात नाही. म्हणून शेड आणि फरशीचं खर्चपत्रक पहिल्यापासून वेगळं आणि तपशीलवार बनवून ठेवा, अर्जाच्या वेळी तेच कामी येतं.

पैसे कमी पडत असतील तर शेड लहान करा, रंग पुढच्या वर्षी द्या, शटर साधं घ्या. मुरमाचा एकही थर कमी करू नका. शटर आणि पत्रा केव्हाही बदलता येतो, फरशीखालचं भरण मात्र फरशी फोडल्याशिवाय बदलता येत नाही.